नोंद एकीकडे, पान दुसरीकडे

अमरावती जिल्ह्यात दोन नांदगावे नावाजलेली आहेत. नांदगाव खंडेश्वर हे तालुक्याचे ठिकाण. समृद्धी महामार्ग त्या तालुक्यातून गेला आहे. नांदगाव पेठ हे अमरावती तालुक्यातले, नागपूरकडे जाणाऱ्या जुन्या महामार्गावरचे गाव. तिथे औद्योगिक वसाहत उभी राहिली, औष्णिक वीज केंद्र आले, कापडाचे कारखाने आले, आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. जमीन जिथे अशी हात बदलते तिथे फेरफार वाढतात आणि जुना कागद शोधायची निकडही वाढते. आता समजा, कुणी या दोन्ही गावांची जुनी फेरफार पाने स्कॅन केली आणि 'नांदगाव_११२' अशा नावांनी एकाच फोल्डरमध्ये टाकली. फेरफाराचे क्रमांक प्रत्येक गावात एकपासून सुरू होतात, म्हणजे ११२ क्रमांक दोन्हीकडे असणारच. दुसरी फाइल पहिलीवर चढते. संगणक एकदाच विचारतो, दिवसभर पाने उलटून थकलेला हात 'होय' दाबतो, आणि एका गावाचे एक पान नाहीसे होते. डेटाबेसमध्ये मात्र दोन्ही नोंदी शाबूत दिसतात. पान गेल्याचे कळते ते काही वर्षांनी, कुणीतरी नक्कल मागायला आल्यावर.

या पुस्तकाचा विषय असा कोरडा आणि तांत्रिक आहे: स्कॅन केलेली पाने, नकाशे, छायाचित्रे, ध्वनिफिती अशा जड फाइली डेटाबेसच्या आत ठेवायच्या, की बाहेर ठेवून आत फक्त त्यांचा पत्ता लिहायचा? डेटाबेस मुळात घडला तो छोट्या ओळींसाठी. खातेदाराचे नाव, गट नंबर, क्षेत्र, आकारणी एवढे सगळे मिळून दोन-चारशे अक्षरांत मावते. पोस्टग्रेससारखी प्रणाली आपली साठवण आठ-आठ केबीच्या तुकड्यांत करते आणि एका तुकड्यात अशा कित्येक ओळी बसवते. त्यात पन्नासपट, हजारपट मोठी वस्तू आली की तिचे काय करायचे हा प्रश्न जुना आहे. अशा वस्तूंना 'ब्लॉब' हे नाव दिले डिजिटल इक्विपमेंट कंपनीतल्या जिम स्टार्की यांनी, तेही एका भयपटातल्या सगळे गिळत सुटणाऱ्या लगद्यावरून. नावाला साजेसा लांबलचक अर्थ नंतर जोडला गेला. पोस्टग्रेस आज काय करते? ओळ साधारण दोन केबींच्या पुढे गेली की तिच्यातला मोठा भाग काढून, जमल्यास आवळून, शेजारच्या वेगळ्या तक्त्यात तुकड्यांनी ठेवते आणि मूळ ओळीत फक्त खूण उरते. म्हणजे 'आत' ठेवलेली फाइलसुद्धा आतल्या आत बाहेरच ठेवलेली असते. फरक एवढाच की ती खूण सांभाळायची जबाबदारी डेटाबेस स्वतः घेतो.

फरक जबाबदारीचा आहे, आणि माझा सगळा युक्तिवाद तिथूनच निघतो. प्रचलित सल्ला याच्या उलट आहे. फाइली कधीही डेटाबेसमध्ये ठेवू नयेत, डेटाबेस फुगतो आणि मंदावतो, असे प्रत्येक नवशिक्या प्रोग्रॅमरला पहिल्याच महिन्यात ऐकवले जाते. या सल्ल्यामागे पुरावा आहे, पण तो सल्ल्याइतका सरसकट नाही. २००६ साली रसेल सीअर्स, कॅथरीन व्हॅन इंगेन आणि जिम ग्रे यांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात ही तुलना मोजून केली: एका बाजूला एसक्यूएल सर्व्हर, दुसऱ्या बाजूला विंडोजची फाइल व्यवस्था. निष्कर्ष असा की २५६ केबीपेक्षा लहान वस्तू डेटाबेसमध्ये अधिक चांगल्या चालतात, एक एमबीपेक्षा मोठ्या फाइल व्यवस्थेत, आणि मधल्या पट्ट्यात काय चालेल हे वस्तू किती वेळा बदलली, पुसली, पुन्हा लिहिली जाते त्यावर ठरते. वारंवार लिहिण्या-पुसण्याने साठवणुकीत भेगा पडतात, एक वस्तू दहा ठिकाणी विखुरते, आणि डेटाबेसला हा त्रास जास्त झाला. एसक्यूलाइटच्या निर्मात्यांची मोजणी पुढची आहे. दहा केबींच्या आसपासची लघुचित्रे सुट्या फाइलींतून वाचण्यापेक्षा त्यांच्या एकाच डेटाबेस फाइलमधून सुमारे ३५ टक्के अधिक वेगाने वाचता आली, शिवाय जागाही सुमारे २० टक्के कमी लागली. कारण साधे आहे. प्रत्येक सुटी फाइल उघडायला आणि मिटायला संगणकाला स्वतंत्र खटाटोप करावा लागतो, आणि प्रत्येक फाइलच्या शेवटी डिस्कचा थोडा तुकडा रिकामाच राहतो.

ग्रे यांची मोजणी फिरत्या तबकड्यांच्या काळातली आहे. आजच्या सॉलिड स्टेट डिस्कवर विखुरलेली वस्तू वाचायला तितका दंड बसत नाही, त्यामुळे २५६ केबी आणि एक एमबी या रेषा दगडावर कोरलेल्या मानू नयेत. पण त्या रेषांकडे वऱ्हाडातल्या अभिलेखांच्या नजरेने पाहिले तर एक मजेदार गोष्ट दिसते: आपले पान रेषेच्या कोणत्या बाजूला पडणार हे डेटाबेस निवडणारा ठरवतच नाही, ते स्कॅनरवर बसलेला माणूस ठरवतो. ए-४ आकाराचे पान इंचाला ३०० बिंदूंच्या घनतेने स्कॅन केले की सुमारे ८७ लाख बिंदू होतात. नुसते काळे-पांढरे ठेवले तर न आवळता साधारण १.१ एमबी, आणि फॅक्सच्या जुन्या पद्धतीने आवळले की पन्नास ते शंभर केबी. संपूर्ण रंगात ठेवले तर न आवळता २६ एमबी, आणि जेपेगने आवळून एक-दोन एमबी. कंत्राटातली 'रंगीत की कृष्णधवल' ही एक ओळ साठवण वीसपट करते किंवा वाचवते. आणि जुन्या फेरफारांसाठी कृष्णधवल हा स्वस्त पर्याय धोक्याचा आहे. फिकट शाई पुसली जाते, लाल शाईतला शेरा आणि काळ्या शाईतला मजकूर एकच दिसतो, खाडाखोड सपाट होते. पानाचे पुरावामूल्य नेमके जिथे असते तिथेच ते हरवते. तेव्हा रंगीत स्कॅन करायचे हे आधी ठरवावे आणि साठवणुकीचा विचार त्यानंतर करावा. वीसपट जागा लागते म्हणून पान कृष्णधवल करणे म्हणजे बस्ता फडताळात मावत नाही म्हणून कागद कातरण्यासारखे आहे.

पुरावामूल्याचा हा मुद्दा जरा खोलात नेणे भाग आहे. डेटाबेसमधली ओळ हे एक विधान असते: अमुक गटाचा अमुक खातेदार. स्कॅन केलेले पान हा त्या विधानाचा आधार. महाराष्ट्रात हस्तलिखित सातबारा संगणकावर आला तेव्हा या दोहोंत किती तफावत पडू शकते हे साऱ्या राज्याने पाहिले. चुका शोधण्यासाठी २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले, संगणकातला उतारा लोकांसमोर वाचून मूळ लेखाशी पडताळला गेला, आणि एडिट, री-एडिट हे शब्द तलाठ्याच्या (वऱ्हाडात अजूनही तो पटवारीच) रोजच्या बोलण्यात आले. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्त करायचा तर दुरुस्ती करणाऱ्यापुढे मूळ पान हवेच. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा कोतवाल बुके, शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे, महसुली आणि भूमी अभिलेखांची दप्तरे बस्त्यातून निघाली, मोडी वाचणारे शोधावे लागले, आणि पानांची चित्रे जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. तिथे सगळा भर होता तो चित्रावर. टंकलेली यादी ही केवळ पानापर्यंत नेणारी वाट होती. ओळ आणि पान यांची फारकत झाली तर ओळीची किंमत ऐकीव गोष्टीइतकी उरते.

यावर एक चांगला आक्षेप आहे, आणि तो खुद्द कायद्याकडून येतो. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाने दस्ताचे पुस्तक आणि त्याची सूची कधीच वेगळी केली. स्थावर मालमत्तेचे दस्त पुस्तक क्रमांक १ मध्ये, आणि मालमत्तेनुसार शोधायची सूची क्रमांक २ स्वतंत्र. 'सूची दोन' काढणे हा वाक्प्रचार घर घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. या शतकाच्या सुरुवातीला 'सरिता' प्रणाली आली, दस्त स्कॅन होऊ लागले, तरी विभागणी तीच राहिली. शंभर वर्षे सूची एकीकडे आणि दस्त दुसरीकडे ठेवून काम चालले, तर संगणकावरच दोन्ही एकत्र का कोंडायचे? उत्तर पुस्तकाच्या बांधणीत आहे. पुस्तक क्रमांक १ ची पाने शिवलेली असत, त्यांवर सलग आकडे असत, आणि पुस्तक व सूची दोन्ही एकाच दुय्यम निबंधकाच्या ताब्यात असत. मधले पान फाडले तर ४१ नंतर थेट ४३ दिसे. सूची वेगळी होती, तरी पुस्तकाला स्वतःची शिवण होती. संगणकाच्या फोल्डरला शिवण नसते. त्यातली एक फाइल गेली तर उरलेल्या फाइली तोंडातून शब्द काढत नाहीत. डेटाबेसच्या आत ही शिवण तयार मिळते. बाहेर ती आपल्या हाताने घालावी लागते, आणि बहुतेक ठिकाणी ती घालायची राहून जाते.

ही शिवण सुटते कुठे, ते पाहण्यासारखे आहे. नोंद आत आणि पान बाहेर असले की प्रत्येक कामाचे दोन भाग होतात आणि दोहोंच्या मध्ये वीज जाऊ शकते. वऱ्हाडात मे महिन्यात ही केवळ कल्पना नाही. आधी ओळ लिहिली आणि फाइल ठेवण्यापूर्वी संगणक बंद पडला, तर पान नसलेली ओळ उरते. आधी फाइल ठेवली आणि मग बंद पडला, तर ओळ नसलेली फाइल उरते. दुसरा तोटा फक्त जागेचा आहे, पहिला मात्र अभिलेखाचा. म्हणून बाहेर ठेवायचेच असेल तर क्रम पक्का हवा: फाइल तात्पुरत्या नावाने लिहायची, ती खरोखर डिस्कवर उतरल्याची खात्री करायची, मग अंतिम नाव द्यायचे, आणि शेवटी ओळ लिहायची. काढून टाकताना उलट: आधी ओळ, फाइल मागाहून, सवडीने. बॅकअपलाही हाच नियम लागतो. रात्री आधी फाइलींची प्रत घेतली आणि नंतर डेटाबेसची, तर मधल्या वेळात आलेल्या पानांच्या ओळी प्रतीत असतात, पाने नसतात. आधी डेटाबेस आणि मग फाइली अशी प्रत घेतली, आणि एकदा ठेवलेली फाइल कधी बदलायची नाही आणि प्रत पुरी होईपर्यंत पुसायचीही नाही हा दंडक पाळला, तर प्रतीतल्या प्रत्येक ओळीला तिचे पान सापडतेच. इतकी साधी गोष्ट, पण ती कुणाला तरी माहीत असावी लागते, आणि तो माणूस बदलून गेल्यावर पुढच्यालाही.

आता आत ठेवण्यावरचे आक्षेप. ते खरे आहेत. डेटाबेस प्रत्येक बदल आधी रोजनाम्यात लिहितो आणि मग मूळ जागी, त्यामुळे दोन एमबींचे पान आत घालायला चार एमबींहून अधिक लिहावे लागते. ओळ पुसली तरी जागा लगेच डिस्कला परत मिळत नाही. पान दाखवताना ते डेटाबेसमधून प्रोग्रॅमच्या स्मृतीत आणि तिथून जाळ्यावर असा वळसा घेते. साधा वेब सर्व्हर फाइल थेट हातात देतो. प्रत्येक प्रणालीची कमाल मर्यादाही वेगळी. मायएसक्यूएलमध्ये नुसता ब्लॉब ६४ केबींवर संपतो, मीडियमब्लॉब १६ एमबींवर, लाँगब्लॉब चार जीबींवर. पोस्टग्रेसच्या 'बाइट-ए' प्रकारात एका वस्तूला एक जीबी. मोंगोडीबीचा एक दस्त १६ एमबींच्या पुढे जात नाही, त्यापुढे त्याला फाइलीचे तुकडे करणारी वेगळी सोय वापरावी लागते. हे सगळे मान्य करूनही मला वाटते की आकार हे चुकीचे माप आहे. कार्यालयाला विचारायचा प्रश्न असा: डिस्क मेली तर सगळे पुन्हा उभे करायला किती वेळ लागेल, आणि तितका वेळ तुमच्याकडे आहे का?

हिशेब करून पाहू. समजा एका गावाच्या जुन्या फेरफारांची १०,००० पाने आणि अशी शंभर गावे. पान ७५ केबींचे असेल तर एकूण ७५ जीबी, दीड एमबीचे असेल तर दीड टीबी. सेकंदाला ५० एमबी या बेताच्या वेगाने परत उतरवायला पहिल्याला २५ मिनिटे लागतील आणि दुसऱ्याला आठ तास वीस मिनिटे. पहिले काम चहा होईपर्यंत आटोपते, दुसरे संध्याकाळी सुरू केले तर सकाळी कार्यालय उघडण्याआधी. पण बाहेरगावच्या प्रतीवरून आणायचे असेल आणि जोडणी सेकंदाला १० मेगाबिटची असेल, तर पहिल्याला जवळजवळ १७ तास आणि दुसऱ्याला १४ दिवस. चौदा दिवस फेरफार बंद ठेवणारे कार्यालय मला कल्पनेतही दिसत नाही. इथे बाहेर ठेवण्याची खरी बाजू कळते: ओळी पाच मिनिटांत उभ्या करून काम सुरू करता येते, पाने मागून येत राहतात. कुणी म्हणेल की डेटाबेसचाही फक्त बदललेला भाग उचलता येतो. पोस्टग्रेसने २०२४ च्या सतराव्या आवृत्तीत ही सोय अंगभूत केली आहे. खरे आहे, पण ती प्रत घेण्याचा वेळ वाचवते. परत उभे करताना सगळा भार एकदम उचलावाच लागतो.

म्हणून माझा कौल असा. एका रात्रीत दुसऱ्या यंत्रावर सगळे परत उभे राहत असेल तोवर पाने आत ठेवावीत, प्रचलित सल्ला काहीही म्हणो. सहकारी संस्था, ग्रामपंचायत, बाजार समिती, शाळा यांचा बहुतेक साठा या मर्यादेत कायमचा मावतो. तिथे संगणक जाणणारा माणूस एकच असतो, तोही अर्धवेळ, आणि दोन साठे जुळवत बसण्याइतकी उसंत त्याला नसते. एक फाइल, एक प्रत, एक कुलूप ही त्याच्यासाठी मोठी गोष्ट आहे. मर्यादा ओलांडली की बाहेर जावे, पण शिवण बरोबर घेऊन.

मधले मार्गही आहेत आणि ते मोहक दिसतात. एसक्यूएल सर्व्हरच्या २००८ च्या आवृत्तीत फाइलस्ट्रीम आले: वस्तू राहते फाइल व्यवस्थेत, व्यवहाराची हमी मात्र डेटाबेसची. ओरॅकलच्या बीफाइल प्रकारात फक्त बाहेरच्या फाइलीची खूण असते आणि हमी काहीच नसते. पोस्टग्रेसच्या 'लार्ज ऑब्जेक्ट' सोयीत वस्तू आतच राहते, पण ओळ पुसली तरी वस्तू तशीच मागे उरते आणि तिला हुडकून काढायला वेगळे साधन चालवावे लागते, म्हणजे आत राहूनही बाहेरचे दुखणे. २००६ च्या मार्चमध्ये ॲमेझॉनची एस-३ सेवा आली तेव्हापासून वस्तू दूरच्या भांडारात ठेवणे हा अनेकांना अंतिम तोडगा वाटतो. फेसबुकचा अनुभव मला इथे बोलका वाटतो. २०१० मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या लेखाप्रमाणे त्यांच्याकडे २६० अब्ज प्रतिमा होत्या, वीस पेटाबाइटपेक्षा जास्त, आणि साध्या फाइल व्यवस्थेत एक छायाचित्र शोधायलाच डिस्कवर अनेक फेऱ्या पडत होत्या. त्यांनी काय केले? लाखो छायाचित्रे एका प्रचंड फाइलीत एकामागोमाग रचली आणि कोणते कुठे आहे याची छोटी सूची स्मृतीत ठेवली. ज्यांनी फाइल व्यवस्थेचा पर्याय सर्वात दूरवर ताणला, त्यांना शेवटी स्वतःचे पुस्तक शिवून घ्यावे लागले.

बाहेरच्या साठ्यासाठी शिवण घालायचे साधन स्वस्त आहे. फाइलमधल्या सगळ्या बाइटांवरून गणित करून एक लांब आकडा काढता येतो, त्याला हॅश म्हणतात. एक बिंदू बदलला तरी आकडा संपूर्ण पालटतो. हा आकडा डेटाबेसच्या ओळीत लिहून ठेवावा, आणि फाइलचे नावही तोच आकडा असावा. मग दोन नांदगावांची पाने एकमेकांवर चढणे संपते, 'नांदगाव' लिहायचे की 'नांदगांव' हा घोळ संपतो, आणि शिवाजी किंवा श्री-लिपी या जुन्या फाँटांच्या जमान्यातली वाचता न येणारी नावेही मागे पडतात. गाव ओळखायला जनगणनेचा गावक्रमांक ओळीत असतोच. कायदाही या दिशेने आला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात द्यायची तर सोबतच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य लिहावे लागते. पण एक सावधगिरी. हॅश चोरी झाल्याचे सांगतो, चोरीला गेलेले परत आणून देत नाही. पान हरवले हे शंभर टक्के खात्रीने कळणे आणि पान हाती असणे यांत जे अंतर आहे ते दुसऱ्या प्रतीनेच भरते.

आणि काही वस्तू पहिल्या दिवसापासून बाहेरच ठेवाव्यात, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची हवाई चित्रे घेतली जातात. ती एकत्र जोडून होणारा एका गावठाणाचा नकाशा कित्येक शे एमबींचा, कधी जीबींचा होतो, आणि तो पाहणारे नकाशाचे साधन त्यातला हवा तेवढाच चौकोन उचलते. असा नकाशा डेटाबेसमध्ये कोंबला तर ते साधनच आंधळे होते. त्याच्या शेजारी त्याच गावाचे टिपण, गुणाकार बुक, फाळणी बारा यांची स्कॅन पाने मात्र लहान असतात, अधिकाऱ्यापुढे वारंवार येतात आणि ओळीपासून तुटली तर निरर्थक होतात. एकाच भूमी अभिलेख कार्यालयात अर्धा साठा आत आणि अर्धा बाहेर असणे ही गैरव्यवस्था मानायचे कारण नाही.

पुढच्या प्रकरणांत प्रत्येक प्रणालीच्या आज्ञा आणि बारकावे आले आहेत. ते वाचण्यापूर्वी एक काम करून पाहावे. आपल्या कार्यालयाच्या मागच्या आठवड्याच्या बॅकअपवरून एका रिकाम्या संगणकावर सगळे उभे करावे, घड्याळ लावून. मग डोळे मिटून दहा फेरफार क्रमांक निवडावेत, दोन नवे, बाकीचे जुने, एखादा मोडीतला, आणि दहाही पाने उघडतात का ते पाहावे.